नवा फोन येतोय म्हणून थांबायचं की आत्ताच घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन घ्यायचं ठरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे थांब, नवीन येतोय." पण तो कधी येतोय, त्यात काय बदलणार आहे आणि तोवर हातातला फोन तग धरेल का, हे सांगायला तोच माणूस नंतर सापडत नाही. नेहमी विचारले जाणारे असे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

एका वाक्यात सांगा, थांबू की घेऊ?

एका वाक्यात बसत नाही, तीन लागतील. हातातला फोन रोजच्या कामात दगा देत असेल तर आत्ता घ्या. फोन बरा चालतोय आणि तुम्हाला हवा त्या मालिकेचा नवा फोन महिना-दीड महिन्यात येणार हे जवळपास नक्की असेल, तर थांबा. लाँच तीन-चार महिने किंवा त्याहून लांब असेल तर ते डोक्यातून काढून टाका आणि आज जो चांगला मिळतोय तो घ्या.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लाँचसाठी थांबलं म्हणजे नवाच घ्यायला हवा, असं काही नाही. माझं मत विचाराल तर थांबण्याचा खरा फायदा बहुतेकांना गेल्या वर्षीचा फोन घेताना होतो. नवा आल्यावर जुन्याचा भाव तरी उतरतो, नाहीतर नव्यात विशेष काही नाही हे कळून निर्णय तरी सोपा होतो.

फोन मध्येच बंद पडतो, बॅटरीही फुगल्यासारखी वाटते. तरी महिनाभर काढू का?

नको. बॅटरी फुगून मागचं झाकण किंवा स्क्रीन वर उचलली गेली असेल तर फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला दाखवा. ऐन ओटीपी यायच्या वेळी फोन हँग होतो, बोलताना समोरच्याला आवाज जात नाही, अशी तऱ्हा असेल आणि बँकेची, ऑफिसची कामं त्याच फोनवर चालत असतील, तरीही थांबू नका. एक अडलेलं काम लाँचनंतरच्या सवलतीपेक्षा महागात पडतं.

सुरक्षा अपडेट बंद झालेला पण एरवी ठणठणीत फोन यात येत नाही. तो आजच्या आज बदलायची घाई नाही, पण त्याच्यावर अर्धं वर्ष वाट बघत बसणंही बरं नाही.

कुठल्या कंपनीचा फोन कुठल्या महिन्यात येतो?

कंपन्या तारखा आधीपासून सांगत नाहीत, पण त्यांच्या सवयी ठरलेल्या आहेत.

अ‍ॅपलचे मुख्य आयफोन सप्टेंबरमध्ये येतात. २०२० साली कोविडमुळे ते ऑक्टोबरवर गेले आणि त्यातले मिनी आणि प्रो मॅक्स तर नोव्हेंबरमध्ये लोकांच्या हाती पडले. सॅमसंगची गॅलक्सी एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत येते, घडीचे फोल्ड आणि फ्लिप जुलै-ऑगस्टमध्ये. गूगलचा पिक्सेल बरीच वर्षं ऑक्टोबरमध्ये यायचा. २०२४ साली पिक्सेल ९ ऑगस्टमध्येच आला आणि २०२५ मध्ये पिक्सेल १० नेही तोच महिना धरला. पिक्सेलची स्वस्तातली 'ए' मालिका वर्षाच्या पूर्वार्धात येते.

अँड्रॉइडमधला महागडा फोन घेणाऱ्याने फोनच्या तारखेइतकंच चिपच्या तारखेकडे बघावं. चिप बनवणारी क्वालकॉम आपली सगळ्यात वरची स्नॅपड्रॅगन चिप वर्षाच्या उत्तरार्धात जाहीर करते. '८ जेन ३' ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, '८ एलीट' ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तिच्या पुढची सप्टेंबर २०२५ मध्ये. चिनी कंपन्यांचे फोन ती चिप घेऊन काही आठवड्यांत त्यांच्या देशात येतात, सॅमसंगचा साधारण नव्या वर्षात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'फ्लॅगशिप' (कंपनीचा सगळ्यात वरचा फोन) म्हणून जे विकलं जातं त्यात कोणत्या वर्षाची चिप आहे, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.

लाँच झाला की लगेच मिळतो का?

दरवेळी नाही. आयफोन एक्स १२ सप्टेंबर २०१७ ला दाखवला आणि विकायला आला ३ नोव्हेंबरला. शाओमी १५ चीनमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, पण बाकीच्या जगासाठी त्याची घोषणा व्हायला मार्च २०२५ उजाडला.

शिवाय तिकडे आला तोच फोन इकडे येईल, याचीही खात्री नसते. शाओमी १५ अल्ट्राची चिनी आवृत्ती ६००० एमएएच बॅटरीची होती, जागतिक आवृत्तीत ती ५४१० ची झाली. चिनी फोनचा रिव्ह्यू बघून मनाशी ठरवून टाकलं असेल तर आपल्या देशातल्या आवृत्तीचा तपशील वेगळा तपासा.

नवा आला की जुना खरंच स्वस्त होतो का?

होतो, पण कधी आणि किती हे कंपनीगणिक वेगळं असतं.

अ‍ॅपलची पद्धत सरळ आहे. नवा आयफोन येतो त्याच दिवशी गेल्या वर्षीच्या साध्या मॉडेलची अधिकृत किंमत उतरते. अमेरिकेत २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती १०० डॉलरने उतरली. प्रो मॉडेलचं मात्र उलट होतं. अ‍ॅपल आपल्या दुकानातून जुना प्रो काढूनच टाकते. मग तो इतर विक्रेत्यांकडे उरला असेल तेवढाच. म्हणजे साधा आयफोन हवा असेल तर ऑगस्टमध्ये घेण्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. जुना प्रो हवा असेल तर लाँच झाल्याबरोबर, मिळेल त्या रंगात उचलायची तयारी हवी.

अँड्रॉइडचे भाव लाँचची वाट बघत बसत नाहीत. पहिल्या काही महिन्यांतच ऑफर सुरू होतात, आणि पुढचं मॉडेल येईपर्यंत व्हायची ती घसरण बरीचशी होऊन गेलेली असते. लाँचच्या आधीचे काही आठवडे दुकानदाराला माल संपवायचा असतो. घासाघीस करायची तर ती वेळ चांगली. लाँचनंतर फार रेंगाळलात तर हवं ते स्टोरेज संपतं, कुणाला नको असलेला रंग उरतो आणि कधीकधी शेवटच्या चार नगांचा भाव उलट चढतो.

'थांबलं की स्वस्तच होतं' या समजुतीलाही आता तडा गेला आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप प्रचंड प्रमाणात उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि स्टोरेजचे भाव जोरात चढले. फोनमध्ये हे दोन्ही लागतातच. अशा काळात नवा फोन जास्त किमतीला येऊ शकतो, आणि नवाच महाग झाला तर जुना उतरायला जागा कुठे राहते? म्हणून फक्त सवलतीच्या आशेने थांबला असाल तर आजचा भाव लिहून ठेवा. पुढे तो खाली गेला की वर, हे निदान डोळ्यांना दिसेल.

एका वर्षात फोन असा कितीसा बदलतो?

जाहिरातीत दिसतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. एकच मालिका ओळीने लावून बघू. सॅमसंगचे साधे गॅलक्सी एस२२, एस२३, एस२४ आणि एस२५ घ्या. चौघांचाही मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. चार्जिंग चौघांचंही २५ वॉटचं. बॅटरी ३७०० एमएएचवरून ३९००, तिथून ४००० आणि मग पुन्हा ४०००. रॅम तीन पिढ्या ८ जीबी, एस२५ मध्ये १२. अल्ट्राचं तर विचारूच नका, एस२० अल्ट्रापासून एस२५ अल्ट्रापर्यंत बॅटरी ५००० एमएएचवर अडून बसलेली.

पण याच ओळीत दोन गोष्टी खऱ्या बदलल्या आणि त्या पोस्टरवर ठळक छापल्या जात नाहीत. एक म्हणजे अपडेट: एस२३ ला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेटचं आश्वासन होतं, एस२४ ला दोन्ही सात वर्षं. दुसरी चिप: एस२३ जगभर स्नॅपड्रॅगनवर होता, साधा एस२४ बऱ्याच देशांत सॅमसंगच्या स्वतःच्या एक्झिनॉस २४०० वर आला आणि एस२५ पुन्हा सगळीकडे स्नॅपड्रॅगनवर. डिसेंबर २०२३ मध्ये एस२३ घ्यायला निघालेल्या माणसाला थांबून सात वर्षांची अपडेट मिळाली असती, पण कदाचित आवडती चिप गेली असती. नवा म्हणजे सगळ्याच बाबतींत सरस, असं धरून चालता येत नाही ते यामुळे.

अ‍ॅपलकडेही हेच दिसतं. आयफोन १३ सोडून १४ साठी जे थांबले त्यांना चिप ए१५ च मिळाली, फक्त ग्राफिक्सचा एक कोअर जास्त. उलट १६ सोडून १७ साठी थांबलेल्यांचं भलं झालं. १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा) डिस्प्ले साध्या मॉडेलला पहिल्यांदाच मिळाला, सुरुवातीचं स्टोरेज १२८ वरून २५६ जीबी झालं आणि अमेरिकेत सुरुवातीची किंमत होती तीच राहिली.

मग कोणत्या बदलासाठी थांबण्यात अर्थ आहे?

जो बदल तुम्ही फोन वापराल तितकी वर्षं रोज जाणवेल, त्याच्यासाठी. चार्जिंगचं पोर्ट हे चांगलं उदाहरण. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सी घेऊन आला. त्याच्या महिनाभर आधी आयफोन १४ घेणारा पुढे वेगळी केबल बाळगत बसला, तेही आयफोनला पोर्ट बदलावंच लागणार हे युरोपीय संघाच्या कायद्याने आधीच ठरलेलं असताना.

डिस्प्लेचा रिफ्रेश रेट, सुरुवातीचं स्टोरेज, अपडेटची वर्षं हे त्याच जातीचे बदल. चिप तापत असल्याची बोंब झाली असेल तर पुढच्या आवृत्तीसाठी थांबणंही शहाणपणाचं. २०२१ च्या अखेरीस आलेली स्नॅपड्रॅगन '८ जेन १' सॅमसंगच्या कारखान्यात बनत होती आणि ती तापते म्हणून बदनाम झाली. मे २०२२ मध्ये आलेली '८ प्लस जेन १' तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे बनवून घेतली, आणि नावात एका 'प्लस'चा फरक असूनही ती बॅटरीला बरीच हलकी निघाली.

नवा रंग, थोडी पातळ कड, कॅमेऱ्याच्या उंचवट्याचा नवा आकार यांच्यासाठी थांबू नका. कव्हर घातल्यावर यातलं काही दिसत नाही.

लीकवर किती विश्वास ठेवायचा?

दिसण्याच्या बाबतीत बराच. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधी लागतात, त्यामुळे फोनचा आकार आणि कॅमेऱ्याची मांडणी महिनोनमहिने आधी बाहेर येते आणि बहुधा खरी ठरते. अमेरिकेतल्या एफसीसी किंवा चीनमधल्या टेना यांसारख्या सरकारी नोंदींत मॉडेल दिसायला लागलं की फोन फार लांब नाही, असं समजायला हरकत नाही. किमतीच्या लीकवर मात्र बजेट आखू नका, किंमत अगदी शेवटच्या टप्प्यावरही बदलता येते. आणि फोटो प्रत्यक्षात कसे येतील, फोन किती तापेल, बॅटरी दिवसभर जाईल का, हे कुठल्याच लीकमधून कळत नाही. फोन घ्यायचा की नाही हे तर त्यावरच ठरतं.

कंपन्या सरळ आधी सांगून का टाकत नाहीत?

सांगितलं तर आजचा माल कोण घेईल? अमेरिकेतल्या ओसबोर्न कंपनीने १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, हातातल्या संगणकाची विक्री आटली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. खरी कारणं आणखीही होती असं म्हणणारे आहेत, पण 'ओसबोर्न इफेक्ट' हे नाव त्यावरून पडलं ते पडलंच. फोनच्या धंद्यात नोकियाने हेच अनुभवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी पुढचे स्मार्टफोन विंडोजवर काढू असं जाहीर केलं, त्यातला पहिला, ल्युमिया, बाजारात यायला वर्षाची अखेर उजाडली आणि मधल्या काळात त्यांच्या जुन्या सिंबियन प्रणालीवरच्या फोनची विक्री कोसळली. तेव्हा लाँचच्या आदल्या आठवड्यात विक्रेत्याने "साहेब, काहीच नवीन येत नाहीये" असं सांगितलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

अपडेटची वर्षं मी घेतल्यापासून मोजतात ना?

सहसा नाही, आणि इथेच लोक फसतात. सात वर्षं म्हणजे ते मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासूनची सात वर्षं. एस२४ जानेवारी २०२४ चा, म्हणजे साधारण २०३१ पर्यंत. तो तुम्ही दोन वर्षांनी घेतलात तर तुमच्या वाट्याला पाचच येतात.

जुन्या फोनवरची सवलत खरी किती, हे काढायचं तर किंमत उरलेल्या अपडेट-वर्षांनी भागा. नव्याची किंमत भागिले सात, जुन्याची भागिले उरलेली वर्षं. कितीतरी वेळा स्वस्त दिसणारा जुना फोन वर्षाच्या हिशेबात नव्याइतकाच पडतो. तीनपेक्षा कमी वर्षं उरली असतील तर मी सवलत कितीही असली तरी तो फोन घेणार नाही. अर्थात दर दीड-दोन वर्षांनी फोन बदलणारे असाल तर या भागाकाराशी तुम्हाला काही देणंघेणं नाही.

पहिल्याच दिवशी घेतला तर काय बिघडतं?

बहुतेकदा काही नाही. पण बिघडतं तेव्हा ते पहिल्या दोन महिन्यांतच बाहेर येतं. गॅलक्सी नोट ७ हे टोकाचं उदाहरण. १९ ऑगस्ट २०१६ ला विक्री सुरू झाली, २ सप्टेंबरला बॅटरी पेट घेत असल्याने सुमारे २५ लाख फोन परत मागवण्याची घोषणा झाली, बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद झालं. पहिला गॅलक्सी फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये यायचा होता. परीक्षणासाठी दिलेल्या फोनचे पडदे काही दिवसांतच खराब झाले आणि विक्री सप्टेंबरवर गेली.

सगळं काही इतकं गंभीर नसतं. आयफोन १५ प्रो सुरुवातीला जास्त तापत होता, त्यावर ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात आयओएस १७.०.३ या अपडेटमधून दुरुस्ती आली. नवा फोनच घ्यायचा असेल तर लाँचनंतर महिना-दोन महिने जाऊ द्या. तोवर इतरांनी तो वापरून पाहिलेला असतो, एखादं-दुसरं अपडेट येऊन गेलेलं असतं, आणि अँड्रॉइड असेल तर भावही थोडा हललेला असतो.

प्री-ऑर्डरला स्टोरेज दुप्पट मिळतं म्हणतात. मग?

तोच फोन, तोच महिना, हे आधीच पक्कं असेल तर प्री-ऑर्डर फायद्याची असते. त्या ऑफर पुन्हा तशाच येत नाहीत, आणि दुप्पट स्टोरेजचा उपयोग फोन जिवंत असेपर्यंत होतो. सोबत मिळणारे इअरबड आणि घड्याळं मात्र धरू नका. एरवी स्वतःच्या पैशाने घेतली नसती अशी वस्तू फुकट मिळाली म्हणून फोन स्वस्त झाला, असं होत नाही. परत करायची मुदत आणि अटी तेवढ्या आधी वाचून ठेवा.

"हे फीचर लवकरच अपडेटमधून मिळेल" असं लिहिलंय. त्यासाठी घेऊ?

नको. आयफोन १६ ची जाहिरात 'अ‍ॅपल इंटेलिजन्स' या एआय फीचरच्या जोरावर झाली. फोन सप्टेंबर २०२४ मध्ये आला, त्यातली पहिली फीचर ऑक्टोबरच्या अखेरीस आयओएस १८.१ मधून आली, आणि तुमची वैयक्तिक माहिती समजून काम करणारी सिरी लांबणीवर पडल्याचं कंपनीनेच मार्च २०२५ मध्ये सांगितलं. पैसे आज द्यायचे तर आज जे चालतंय त्याचेच द्या.

मी घेतला आणि पंधरा दिवसांत नवा आला! आता?

आधी पावती काढा आणि परत करायची मुदत बघा. कुठे सात दिवस असते, कुठे चौदा, कुठे सील फोडलं की काहीच नाही. अ‍ॅपल अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत फोन मिळाल्यापासून १४ दिवसांत किंमत उतरली तर फरक परत करते, पण तो मागावा लागतो.

हा चटका फार जुना आहे. पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला. ८ जीबीचं मॉडेल ५९९ डॉलरचं होतं, ते ५ सप्टेंबरला ३९९ वर आणलं. आधी घेतलेल्यांनी इतका आरडाओरडा केला की स्टीव्ह जॉब्ज यांना जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरचं स्टोअर क्रेडिट द्यावं लागलं.

मुदत टळून गेली असेल तर त्या मॉडेलचे भाव बघणं बंद करा. फोन काल जितका चांगला होता तितकाच आजही आहे.

जुना फोन विकायचाय. लाँचच्या आधी की नंतर?

आधी. नवा आला की तोच जुना फोन विकणाऱ्यांची गर्दी होते आणि एक्स्चेंजचा भाव पडतो. कंपन्या लाँचच्या वेळी स्वतः चढा एक्स्चेंज बोनस देतात, पण तो त्यांचा नवा फोन घेणाऱ्यांसाठी असतो. दोन्ही भाव बघूनच ठरवा.

देण्याआधी ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधली (लॉगिनचे कोड देणाऱ्या) खाती नव्या फोनवर न्या आणि मग फोन रिसेट करा. लोक फोटोंचा बॅकअप आठवणीने घेतात, ही खाती विसरतात, आणि मग ऑफिसच्या ईमेलच्या दाराबाहेर उभे राहतात. गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करूनच रिसेट करा, नाहीतर घेणाऱ्यासाठी तो फोन कुलूपबंद राहतो.

मधल्या श्रेणीतल्या फोनसाठीही थांबायचं का?

नाही. तिथे एवढी मॉडेल येत असतात की थांबायला लागलात तर थांबतच राहाल. शिवाय नवं नाव म्हणजे नवी चिप असेलच असं नाही. तोच फोन थोड्या फरकाने दुसऱ्या नावाने येतो, आणि एका ठिकाणी वाढवलं की दुसऱ्या ठिकाणी हळूच कापलेलंही असतं. यंदाचा मधल्या श्रेणीतला आणि गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप एकाच किमतीला मिळत असतील तर मी दुसरा घेईन, कारण कॅमेरा आणि डिस्प्लेमधला फरक वर्षभरात मिटत नाही. अट एकच, अपडेटची निदान चार वर्षं शिल्लक हवीत. मोठी बॅटरी हीच मुख्य गरज असेल तर मात्र मधल्या श्रेणीत जास्त पर्याय आहेत.

आणि रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून पुन्हा विकायला काढलेला?

लाँचनंतरचे दोन-तीन महिने त्यासाठी चांगले, कारण एक्स्चेंजमध्ये आलेले फोन तपासून तेव्हाच बाजारात यायला लागतात. बॅटरीची उरलेली क्षमता, वॉरंटी कोण देणार आणि आधीच्या मालकाचं खातं निघालंय का, एवढं तपासा.

ठीक, थांबतो. पण तोवर हा फोन ढकलायचा कसा?

आधी स्टोरेज बघा. काठोकाठ भरलेला फोन संथ होतो आणि अपडेटही घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मोठ्या फाइल वेगळ्या दिसतात, तिथले अग्रेषित व्हिडिओ उडवले तरी बरीच जागा निघते.

चार्जिंग नीट होत नसेल, केबल जरा हलली की तुटत असेल, तर लगेच पोर्ट बदलू नका. खिशातल्या कापडाचे तंतू पोर्टच्या तळाशी दाबून दाबून नमद्यासारखे बसलेले असतात आणि केबल पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करा, उजेडात धरा, लाकडी टूथपिकच्या टोकाने कडेकडेने हलक्या हाताने ते उकरून काढा. सुई, पिन, धातूचं काहीही नको, आणि यूएसबी-सीच्या मधल्या पातळ पट्टीला धक्का लावू नका. केबल टक्कन बसली की समजायचं काम झालं.

फोन दुपारीच मान टाकत असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च विचारून या. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरणं) ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत आणि १५ पासूनच्या १००० नंतर, तेही आदर्श परिस्थितीत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना ८०० सायकलनंतर ८० टक्क्यांची अट आहे. रोज चार्ज होणारा फोन दोन-तीन वर्षांत दमतो तो यामुळे. फोन संथ होण्यामागेही कधी बॅटरीच असते. बॅटरी जुनी झाली की आयफोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग कमी केला जातो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं आणि पुढचं वर्षभर वॉरंटीबाहेरची बॅटरी ७९ ऐवजी २९ डॉलरला बदलून दिली. अस्सल बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच बसवा, आणि ती बसवल्यावर फोन पुन्हा दिवसभर टिकायला लागला, अपडेटही येत असली, तर यंदाचं लाँच सोडून पुढच्या वर्षीचं बघा.